सतराव्या तारखेचं पान

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता असं समजा की तुम्ही दहा वर्षांचे आहात, दुपारचे चार वाजलेत आणि तुमच्या मांडीवर एक जाडजूड वही आहे. वहीत नावंच नावं आहेत. समोर वेताच्या खुर्चीत एक आजोबा बसलेत, आणि त्यांना वहीतलं अक्षर दिसत नाही. तुम्ही एखादं नाव वाचलंत, तर ते त्यांना ऐकू येईल. गाळलंत, तर जगात कुणालाही कळणार नाही.

उघडा आता डोळे. मोहना त्या वहीसमोर रोज बसायची, म्हणून तुम्हालाही क्षणभर बसवलं.

मोहना बडोद्यात राहायची, गोत्रीच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. तिच्या बरोबर वरच्या घरात रेव्हरंड मुकुंद रणनवरे राहायचे. ते ख्रिस्ती मंडळीचे निवृत्त पाळक. पाळक म्हणजे चर्चमध्ये उपासना चालवणारे, लग्नं लावणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे आणि शेवटी त्याला मातीपर्यंत पोचवणारे. मोहनाच्या घरी देव्हारा होता, गणपती बसायचा. पण ती त्यांना पाळकआजोबा म्हणायची, आणि ते तिच्याकडच्या मोदकांची आठवण श्रावणापासूनच काढायला लागायचे.

नोकरीतली चाळीस वर्षं त्यांनी सायकलवर काढली होती. वाडी भागातल्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या गल्ल्यांमध्ये, अजून जुनी माणसं सांगायची, की पाळकसाहेबांची सायकल एखाद्या ओट्याला टेकलेली दिसली की समजायचं, इथे कुणाला तरी बरं नाही. आता सायकल गेली होती आणि डोळेही जायला लागले होते. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक करडा डाग आला होता. कडेकडेचं दिसायचं, मोहनाच्या फ्रॉकचा रंग त्यांना कळायचा, पण तिचा चेहरा कळायचा नाही. त्यांची मुलगी शालिनी नर्स होती आणि तिची पाळी दुपारची असायची. म्हणून शाळा सुटल्यावर मोहना वर जाऊन वही वाचायची. मंडळीतल्या मुलांनी आधी प्रयत्न केला होता, पण ती सगळी इंग्रजी शाळेतली. आजोबांच्या तिरक्या मराठी अक्षरापुढे त्यांनी हात टेकले. मोहनाला तिच्या आईने, आनंदीने, घरी बसवून मराठी शिकवलं होतं.

वहीला एकतीस पानं होती, दर तारखेला एक. प्रत्येक पानावर चाळीसेक नावं आणि नावापुढे चार शब्द. त्या दिवशीच्या तारखेचं पान उघडायचं, एक नाव वाचायचं, थांबायचं. आजोबा मान खाली घालून ओठ हलवायचे. मग बोट उचलायचे, की पुढचं नाव.

"रेल्वेच्या घोषणेसारखं वाचू नकोस ग," ते म्हणायचे. "माणसं आहेत ती. गाड्या नाहीत."

एकदा मोहनाने विचारलं, "हे शेळके कोण? पुढे काहीच लिहिलं नाहीये."

"माझी इथून बदली व्हावी म्हणून वर अर्ज करणारे."

"मग त्यांच्यासाठी कशाला प्रार्थना?"

"अर्ज फार छान लिहिला होता. अक्षर मोत्यासारखं." आणि आजोबा स्वतःच खूप वेळ हसत राहिले.

ही वही का सुरू झाली, तेही त्यांनी तिला सांगितलं होतं. ते नवे पाळक झाले होते तेव्हा रेल्वेतल्या एका माणसाने त्यांना म्हटलं, माझी बायको आजारी आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. ते म्हणाले, "करतो." आणि साफ विसरले. महिन्याभराने तोच माणूस बाजारात भेटला आणि दोन्ही हात धरून म्हणाला, साहेब, तुम्ही रोज प्रार्थना करत होता, त्याचा फार आधार वाटला.

"मला मान वर करता येईना," आजोबा म्हणाले. "त्याच संध्याकाळी वही आणली. 'करतो' म्हणायचं आणि करायचं नाही, यापेक्षा सोपं खोटं दुसरं नाही, मोहना. त्याला काही खर्चच येत नाही."

जूनपासून दिवाळीपर्यंत मोहनाने एकही नाव गाळलं नाही. मग दिवाळीत तिला सायकल मिळाली.

तिची मैत्रीण अवंती साडेचारला खाली येऊन उभी राहायची आणि घंटी वाजवत ओरडायची, "ए मोहना, चाल ने! अंधार पडेल!" वर तर अजून पंधरा नावं बाकी असायची. पहिल्या दिवशी मोहनाने शेवटची पाच गाळली. "संपलं, आजोबा," ती म्हणाली. "बरं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातावर गूळपापडीची वडी ठेवली. ती वडी तिने सायकलवर बसून खाल्ली आणि चांगली लागली, हेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी दहा गाळली. नंतर तिला कळलं की शेवटची गाळण्यापेक्षा एक वाचून एक सोडलं तर लक्षातच येत नाही. पण नावं कमी झाली तरी वेळ तेवढा वाचेना, कारण आजोबा आता प्रत्येक नावानंतर जास्त थांबायला लागले होते. कसली तरी वाट बघितल्यासारखे.

"आज पान लहान वाटलं," ते एकदा म्हणाले.

"लहानच आहे."

"आणि ते टीसी होते ना, वरदराजन? त्यांचं नाव या आठवड्यात यायला हवं होतं."

"उद्या असेल."

उद्या ते नव्हतं, कारण ते काल होतं.

नाताळाच्या सुमाराला आजोबा शालिनीला म्हणाले, "माझी माणसं हरवायला लागली आहेत ग. वहीत कोण आहे आणि कोण नाही, तेच मला आठवेनासं झालंय." शालिनी नर्स; तिने हे मनावर घेतलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती त्यांना बडोद्यातल्याच अकोटा भागात विस्मरणाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर ती मोहनाच्या आईला जिन्यात सगळं सांगत होती, आणि मोहना बुटाची नाडी बांधत होती. बांधलेली नाडी सोडून तिने पुन्हा बांधली.

"डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? तर म्हणतात कसे, बुधवार, आणि तुमच्या पाटीवर लिहिलंय की बुधवारी दवाखाना बंद, असं माझ्या मुलीने मघाशी वाचून दाखवलं. मग आपल्यात विसरलं कोण?" शालिनी हसली, पण तिचा आवाज नीट नव्हता. "सगळी उत्तरं बरोबर दिली. पण रिक्षात बसल्यावर माझा हात धरून म्हणाले, शालू, हे असंच सुरू होतं का ग? मी तुलाही विसरेन का?"

मोहनाला वाटलं, आत्ता सांगावं. आत्ता, इथेच. जिन्यात फक्त तिघीच होत्या. पण आई म्हणाली, "वय झालं ग, शालिनीताई," आणि शालिनीने डोळे पुसले, आणि मोठ्या माणसांच्या बोलण्यात शिरायला जी फट लागते ती बुजून गेली. मोहनाने ठरवलं, सांगायचं नाही, पण उद्यापासून सगळी नावं वाचायची. म्हणजे झालंच की.

दोन दिवस तिने सगळी वाचली. मग उत्तरायण आलं, पतंगांची संक्रांत.

तुम्हाला बडोद्याचं उत्तरायण माहीत आहे. पतंगाचे दोन दिवस सरकारी, आणि पुढचे चार दिवस मुलांचे. सतरा तारखेला गच्चीवर अजून अर्धी फिरकी मांजा शिल्लक होता आणि अवंती वरून हाका मारत होती. मोहनाने वही उघडली आणि एक वाच, एक सोड असं सुरू केलं. पान संपत आलं तेव्हा आजोबांनी बोट उचललं नाही.

"थांब. निरुपमाचं नाव आलं नाही."

मोहनाने नुकतंच ते सोडलं होतं. खालून चौथी ओळ: 'निरुपमा पवार, वाडी. पीयूषचा फोन यावा.' एवढंच म्हणायचं होतं, की अय्या, राहिलं, हे बघा इथे आहे. पण हे एक राहिलं म्हटलं तर ते विचारतील, अजून काय काय राहिलं? आणि मग वरदराजन निघतील, आणि डॉक्टर निघतील.

"नाही, आजोबा. इथे नाही."

"नीट बघ. सतरा तारखेलाच आहे. निळ्या शाईत. बारा वर्षं झाली. तिचा मुलगा वडिलांशी भांडून घर सोडून गेला, त्या दिवशी मी लिहिलंय."

"नाहीये."

आजोबांनी हात पुढे केला. मोहनाने वही त्यांच्यापुढे धरली. दुसरं काय करणार? त्यांनी पानावरून बोटं फिरवली, आंधळी माणसं चेहऱ्यावरून फिरवतात तशी, वरून खाली, सावकाश. त्यांचं बोट खालून चौथ्या ओळीवर येऊन थांबलं आणि पुढे गेलं.

"मला तर डोळ्यांपुढे दिसतंय," ते म्हणाले. "मग मी लिहिलं असं मला नुसतं वाटत होतं की काय? बारा वर्षं?" मग म्हणाले, "शालिनीला सांगू नकोस. ती पुन्हा डॉक्टरकडे नेईल."

त्या दिवशी मोहना गच्चीवर गेली, पण तिने पतंग उडवला नाही. फिरकी धरून उभी राहिली. अवंती म्हणाली, "तू तो बोअर करे छे, यार."

त्यानंतर मोहनाने एकही नाव सोडलं नाही. पण आता तिच्या वाचण्याने काही सुधारेना. जे नाव येईल ते ऐकून आजोबा दचकायचे. "हे पण आहे का? बरं, बरं." आपल्याच वहीत पाहुण्यासारखे बसायचे. रोज जिना चढताना ती मनाशी म्हणायची, आज सांगते. रोज उतरताना म्हणायची, उद्या.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आजोबांना ताप आला. शालिनीने रजा घेतली. चार तारखेला मोहना वर गेली तेव्हा ते पलंगावर होते, खूप लहान दिसत होते.

"तारीख कोणती?" त्यांनी विचारलं.

"चार."

"वाच."

तिने चारचं पान काढलं आणि एकेक नाव वाचलं, माणसाला हाक मारावी तसं. दहाव्या नावाला त्यांचं बोट वर आलं नाही. झोप लागली होती. तिने तरी शेवटपर्यंत वाचलं. मग खूप वेळ बसून राहिली, की जाग येईल, मग सांगू. शालिनी म्हणाली, "जा बाळा, उद्या ये. झोपू दे त्यांना."

पाच तारखेच्या पहाटे आजोबा गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये गर्दी मावत नव्हती. मोहना आईचा हात धरून मागच्या बाकावर बसली. तिने आधी कधी शवपेटी पाहिली नव्हती. आजोबांना काळा कोट घातला होता आणि चष्माही लावला होता, ज्याचा त्यांना दोन वर्षं काही उपयोग नव्हता. पेटी बंद करायच्या आधी शालिनी पुढे गेली. तिच्या हातात ती वही होती.

"ही त्यांची माणसं," ती म्हणाली. "यांना त्यांच्याबरोबरच जाऊ दे." आणि तिने वही त्यांच्या हाताखाली ठेवली.

मोहना बाकावरून उठली. तिला ओरडायचं होतं, थांबा, सतरावं पान बघा. सगळेजण गात होते. आईने तिला खाली बसवलं. "रडू नको ग," आई हळूच म्हणाली. झाकण लागलं, आणि एक माणूस चार कोपऱ्यांतले स्क्रू पिळू लागला. मोहनाला ते प्रत्येक फिरणं मोजता आलं असतं. आणि तिच्या मनात, खरं सांगायचं तर, एक अगदी छोटी, घाणेरडी सुटका पण झाली: आता कुणीच ते पान बघणार नाही. ती सुटका जाणवली तेव्हा तिला स्वतःची जेवढी शरम वाटली, तेवढी खोटं बोलतानाही वाटली नव्हती.

कबरस्तानात सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. मोहनानेही टाकली. मग हात धुवायला लोक कोपऱ्यातल्या नळापाशी गेले. तिथे करड्या साडीतली एक बाई दुसऱ्या म्हाताऱ्या बाईशी बोलत होती.

"सगळे त्यांचं चांगलंच बोलतायत, मंदाकिनीबाई, आणि मीही बोलायला हवं. पण माझ्याच्याने होत नाही," करड्या साडीतली बाई म्हणाली. "गेल्या महिन्यात, संक्रांतीनंतर, त्यांचा फोन आला. रडत होते. म्हणाले, निरुपमा, मला माफ कर, तुझ्या पीयूषचं नाव मी वहीत कधी लिहिलंच नव्हतं. बारा वर्षं मी तुला खोटं सांगत आलो."

"अगं बाई!"

"बारा वर्षं मी रविवारी त्यांच्यापुढे उभी राहायची. 'घेतो हं नाव,' म्हणायचे. त्यावर मी आठवडा काढायची. वाटायचं, मी थकले तरी कुणीतरी माझ्या मुलाचं नाव घेतंय. आणि ते तसंच, तोंडदेखलं होतं!"

मंदाकिनीबाई "चला, जाऊ दे आता," असं काहीतरी पुटपुटत निघून गेल्या. निरुपमाबाई पदराने हात पुसत तिथेच उभ्या राहिल्या.

नळ थेंबथेंब गळत होता. मोहनाला आता कळलं की आजोबा गेले म्हणून तिचं खोटं संपलं नव्हतं. ते त्यांच्या नावावर जमा झालं होतं. ज्या माणसाने एकदा 'करतो' म्हणून केलं नाही, म्हणून जन्मभर वही सांभाळली, तो माणूस खोटारडा म्हणून मातीत गेला होता. आणि तसं नव्हतं हे सांगू शकेल असं जगात आता एकच माणूस उरलं होतं. त्याच्या हाताला अजून माती लागलेली होती.

"काकू," मोहना म्हणाली.

"काय ग?"

"तुमचं नाव वहीत होतं."

निरुपमाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "कोण तू?"

"मी मोहना. खालच्या मजल्यावरची. आजोबांना वही मी वाचून दाखवायची."

"आणि आता मला बरं वाटावं म्हणून सांगायला आलीस. शालिनीने पाठवलं का?"

"नाही. सतराव्या पानावर होतं. खालून चौथं. निळ्या शाईत. 'निरुपमा पवार, वाडी. पीयूषचा फोन यावा.' तुमच्या वर एक इस्त्रीवाले होते आणि तुमच्या खाली लूसीबाई, त्यांच्या गुडघ्याचं."

निरुपमाबाई नळाच्या कट्ट्यावर टेकल्या. "लूसीबाईंचा गुडघा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मग ते तसं का म्हणाले?"

"मी गाळलं म्हणून." मोहनाने घाईघाईने सांगून टाकलं. "मला खेळायला जायचं असायचं. मी पुष्कळ नावं गाळायची. त्यांनी मला सरळ विचारलं, निरुपमाचं नाव नाही का? मी नाही म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हटलं. त्यांचं बोट माझ्या डोळ्यांपुढे तुमच्या नावावर होतं."

ऐकणाऱ्या मुलांनो, तुम्हाला वाटत असेल की आता निरुपमाबाईंनी तिला जवळ घेतलं. नाही घेतलं. त्यांचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. त्या कबरीकडे बघत होत्या. तिथे दोन माणसं फावड्याने माती सारखी करत होती.

"त्यांनी माझ्यापाशी माफी मागितली," त्या म्हणाल्या. "दोन-तीनदा मागितली. आणि मी काय म्हटलं, माहीत आहे? 'बघू', म्हटलं. आणि फोन ठेवला." त्यांनी मोहनाकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग होता, आणि त्या रागात दोघींनाही जागा होती. "न केलेल्या गोष्टीची माफी मागत होता तो माणूस. आणि मी ती पण नाही दिली."



"शालिनीला माहीत आहे का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

निरुपमाबाईंनी मान हलवली. सांग म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. पदर डोक्यावर ओढून त्या उठल्या आणि ज्या वाटेने सगळे बाहेर जात होते ती सोडून, फुलांनी झाकलेल्या त्या ताज्या मातीकडे परत चालायला लागल्या.

फाटकापाशी आईने रिक्षा थांबवली होती. "मोहना!" आई ओरडली. "चल ग, मीटर पडतंय!"

फाटकाच्या दुसऱ्या बाजूला शालिनी उभी होती. लोक येऊन तिचा हात हातात घेत होते, मंडळीच्या रीतीप्रमाणे "सलाम, ताई," म्हणत होते, पुढे जात होते. मध्येच कुणीतरी म्हणालं, "शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नव्हतं म्हणे? बिचारे." शालिनी म्हणाली, "हो ना. फार घाबरले होते त्याला."

मोहना रिक्षापर्यंत आली. आईने तिच्यासाठी जागा केली. मोहनाने रिक्षाच्या दांडीला धरलेला हात सोडला.

"आई, थांब जरा," ती म्हणाली, आणि फाटक ओलांडून गेली. रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे सहा माणसं होती, मग चार, मग एक. मग शालिनीने सवयीने हात पुढे केला आणि तिला ओळखून वाकली.

मोहनाने तो हात धरला नाही. आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले, मान वर केली आणि म्हणाली, "शालिनीमावशी, आजोबा काहीच विसरले नव्हते."